भीड नसलेलं सूत्र

अंगठा रुतायला हवा होता, तो रुतला नाही. धम्मप्रियानं वरच्या कॅरेटमधली फणी खाली ठेवली, मधल्या कॅरेटमधली उचलली, मग पार मागच्या भिंतीला लागलेल्या थप्पीतली. सगळीकडे तेच, टणक आणि गार आणि हिरवं. लातूरच्या रिंगरोडवरची ही खोली केळी पिकवण्यासाठीच बांधलेली होती, भिंतीत थर्माकोलचे थर, छताला पंखे, कोपऱ्यात गॅसचं नळकांडं, आणि आत नांदेडहून येऊन बसलेलं तिचं कॉम्प्युटरवरचं सूत्र, जे किती गॅस कधी सोडायचा हे ठरवत होतं. आज सकाळी या मालावर पिवळी झाक यायला हवी होती. आलेली नव्हती. केळी अशी शांत पडली होती की त्यांना पिकायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं.

"ताई, अजून हिरवंच दिसायलंय," दारातून शिवलिंगअप्पा म्हणाले. चेंबर त्यांचं, माल त्यांचा, तरी आवाज असा दबका की जणू अपराध त्यांच्याच हातून घडला होता.

"दिसायलंय नाही अप्पा, आहेच हिरवं."

"लाईटीचा काही घोळ झाला असंल."

"लाईट होती. सगळ्या नोंदी बघितल्या मी."

"मग हवाच बदलली असंल. तुमचं गणित चुकायचं न्हाई." अप्पांनी हे मनापासून म्हटलं आणि चहा सांगायला वळले. थोबाडीत बसली असती तर तिला इतकं लागलं नसतं. पुढच्या आठवड्यात उदगीर आणि मुरुडचे चेंबरवाले इथेच, याच दारात उभे राहून तिचं सूत्र बघणार होते आणि आपल्याकडे बसवायचं की नाही ते ठरवणार होते. अप्पांनीच त्यांना बोलावलं होतं, आपल्या शब्दावर. इथे हिरवी केळी निघाली तर ते लोक हसून चहा पिऊन निघून जातील, अप्पांचा शब्द पडेल, आणि तीन वर्षांचं तिचं काम नांदेडच्या कॉलेजातल्या एका कॉम्प्युटरमध्ये कुजत पडेल. हे तिला स्वच्छ दिसत होतं. तरी नवल असं की भीती वाटत नव्हती. चूक आहे म्हणजे तिला कारण आहे, आणि कारण असेल तर ते सापडतं, हा तिचा जन्मजात माज होता आणि तो आजवर फारसा उतरला नव्हता. चहा घेऊन ती गाडीत बसली आणि अहमदपूर-लोह्याच्या रस्त्यानं नांदेडकडे निघाली.

गाडी चालवताना तिला नेहमी नीट विचार करता येई, हात आणि डोळे गुंतलेले असले की डोकं मोकळं सुटतं. तिनं सूत्र पहिल्यापासून आठवायला घेतलं. सूत्र तिचं असं म्हणत लोक, पण तिनं ते लिहिलेलं नव्हतं, आणि जेनेटिक प्रोग्रॅमिंगची सगळी गंमतच ती होती. सूत्र लिहायचं नाही, सूत्रं पैदा होऊ द्यायची. पहिल्या पिढीत हजारभर, सगळी येडीबागडी, कुणी तापमानाला ओलाव्यानं गुणतंय, कुणी वेळेतून वेळच वजा करून शून्य हाती घेऊन बसलंय. प्रत्येकाला जुन्या मालाच्या नोंदींवर जोखायचं: याच्या सांगण्यावरून गॅस सोडला असता तर केळी कशी पिकली असती? जी जरा बरी निघतील त्यांचे तुकडे एकमेकांत जोडायचे, एखादा तुकडा मुद्दाम उलटापालटा करायचा, बाकीची मरू द्यायची. मग पुढची पिढी, मग त्यापुढची. अर्धापूरच्या चेंबरवाल्या अण्णारावांना तिनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं फळ्यावर सूत्रांच्या फांद्यांची झाडं काढायची तयारी केली होती, आणि अण्णाराव अर्ध्यातच म्हणाले होते, "म्हंजे बियाण्याची निवड हाय की, मॅडम. चांगलं कणीस ठेवायचं, बाकी दळून खायचं." त्या दिवसापासून ती वर्गातही कणसापासूनच सुरुवात करायची, आणि पोरं फळ्यावरच्या झाडांपेक्षा कणीस लवकर समजून घ्यायची.

अण्णारावांच्या अर्धापूरच्या चेंबरमधल्या नोंदींवरच ही सगळी पैदास झाली होती. तिथेच शेवटी उरलेल्या दोन-चार सूत्रांची खऱ्या केळ्यांवर परीक्षा झाली आणि त्यातलं एक असं निघालं की तिलाही बघतच राहावं वाटलं. ते पहिल्या दिवशी गॅस जवळपास सोडतच नव्हतं. पुस्तक सांगतं, पहिल्याच दिवशी चेंबर गॅसनं भरून काढा. हे सूत्र मात्र कंजूस सासूसारखं थेंब थेंब सोडी, आणि केळी पिकत, एकसारखी, देठापर्यंत पिवळी, वर एक डाग नाही. निम्मा गॅस वाचला. पुण्याच्या परिषदेत तिनं पडद्यावर ते सूत्र दाखवलं होतं आणि मान जरा वर करून म्हटलं होतं की माणसाला सुचलं नसतं ते या सूत्राला सुचलं. टाळ्या पडल्या होत्या. का सुचलं, असं कुणी विचारलं नाही, आणि तिनंही स्वतःला फार खोदून विचारलं नाही. चालणाऱ्या गाडीचं बॉनेट उघडायचं नसतं, असं तिचे वडील म्हणत, आणि स्वतः मात्र दिवसभर लोकांच्या बंद पडलेल्या पाण्याच्या मोटारी उघडून बसत.

चाकूर मागे पडलं तेव्हा प्रश्न नीट मांडून झाला होता. लातूरचं चेंबर तसंच, नळकांडं तेच, आणि केळीसुद्धा अर्धापूरच्याच बागांतली. इथे सूत्रानं तेवढाच थोडा गॅस सोडला आणि केळी झोपून राहिली. मग अर्धापुरात केळ्यांना उरलेला गॅस कोण देत होतं? प्रश्न असा उलटा करून पाहिल्यावर तिला एकदम बरं वाटलं. सूत्र कंजूस नव्हतं तर. ते एवढंच म्हणत होतं की पुरे, आणखी नको, कुणीतरी आधीच देऊन गेलंय. वर्षभर ते हे सांगत होतं आणि ती त्याला हुशार म्हणून कौतुकानं थोपटत होती. शेजारच्या चेंबरमधून गळती? नाही, भिंत तिनं स्वतः तपासली होती. आधीच पिकलेला माल आत राहून गेला? अण्णाराव त्याबाबतीत फार कडक. मग तिनं डोळे रस्त्यावर ठेवून मनानं अर्धापूरच्या चेंबरचं दार उघडलं आणि एकेक इंद्रिय घेऊन आत गेली. हातांवरचा गारवा. पंख्यांची घरघर. पिवळा दिवा. ओल्या पुठ्ठ्याचा स्पर्श. आणि वास. हिरव्या केळ्यांच्या कच्च्या वासाखाली एक गोडसर, जरा घशाला लागणारा, जुना वास. उदाचा.

तो वास तिला माहीत नव्हता असं नाही. नांदेडच्या देगलूर नाक्याला तिच्या वडिलांचं, साहेबरावांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, आणि दर गुरुवारी एक हिरव्या कफनीतला फकीर मोरपिसांनी ऊद फुलवत सगळ्या रांगेतून फिरे. प्रत्येक दुकानात तो चढे, गल्ल्यावर धूर फिरवी, मोरपीस टेकवी. साहेबरावांच्या दुकानापाशी आला की वडील हातातली तार तशीच धरून अगदी अदबीनं म्हणत, "बाबा, पुढं व्हा." घरातले देव आजोबांनी छप्पन्न साली गोदावरीत सोडले ते सोडले, त्यानंतर भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, पौर्णिमेला मेणबत्ती, आणि बाकी धूरधुपारा, अंगारा, गंडा यांना उंबऱ्याच्या आत जागा नाही. वडील कुणाला वाईट बोलत नसत, फक्त पुढं व्हा म्हणत. फकीरही हसून पुढं होई. पण धुराला कुणी पुढं व्हा म्हणू शकत नाही, तो आत येईच, तांब्याच्या तारांच्या भेंडोळ्यांवर आणि वार्निशच्या वासावर बसे, आणि छोटी धम्मप्रिया तिथेच गृहपाठ करता करता तो नाकानं चोरून घेई. तिला तो आवडायचा. हे तिनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि गाडीत एकटीच असूनही आता कबूल करताना तिला किंचित हसू आलं.

म्हणजे अण्णारावांच्या चेंबरमध्ये ती पहिल्यांदा गेली त्याच दिवशी तिच्या नाकाला कळलं होतं. आणि डोळ्यांनाही. आता तिला तो क्षण लख्ख दिसला. अण्णाराव तिला दार उघडून देत होते आणि त्याच वेळी त्यांनी दाराआडचं मातीचं धुपाटणं पायानं हळूच मागे सरकवलं होतं. आणि तिनं मान दुसरीकडे वळवली होती. त्यांनी धुपाटणं लपवलं ते तिच्यासाठी, मॅडम बौद्ध आहेत, विज्ञानाच्या आहेत, त्यांच्यापुढे आपलं हे कशाला. तिनं मान वळवली ती त्यांच्यासाठी, त्यांच्या घरचा देवधर्म आहे, आपण कोण विचारणार, आणि विचारलं तर वाटेल की हिणवायला आली. किती सभ्य माणसं होती सगळी. वर्षभर दोन्ही बाजूंनी एकमेकांचं मन इतकं जपलं की मधून धूर जात होता आणि कुणालाच दिसत नव्हता. धुरानं केळी पिकतात हे मराठवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गॅसची नळकांडी येण्याआधी घराघरांत पाल्याची धुरी देऊनच घड पिकवत, धुरातही तोच गॅस असतो. पण ती धुरी. ऊद म्हणजे देवाचं. देवाचं ते कुणी नोंदीत धरत नाही. आणि प्रत्येक मालाला ऊद होता म्हणून कुठल्याच मालात तो वेगळा दिसला नाही. जे सदा असतं त्याचा रकाना कोण पाडतं? एकट्या सूत्राला तेवढी भीड नव्हती. ना त्याला देव, ना जात, ना कुणाचं मन मोडायची भीती. ते आपलं सांगत राहिलं की इथे गॅस आहे. धम्मप्रिया स्टिअरिंगवर हात मारून मोठ्यानं हसली. समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं तिच्याकडे दचकून पाहिलं.

अहमदपूरला गाडी बाजूला घेऊन तिनं अप्पांना फोन लावला. "अप्पा, सूत्र बंद करा. तुमच्या जुन्या पद्धतीनं हातानं गॅस सोडा, पुरा. माल जरा उशिरा निघेल, पण पिवळा निघेल."

"बरं. मग तुमचं सूत्र खोटं बोलायलं म्हणायचं का?"

"खरं बोलत होतं. पण ते अर्धापूरचं खरं होतं. तुमच्या चेंबरची त्याला ओळखच नाही."

"उदगीरवाल्यांना काय सांगू? नका येऊ म्हणू का?"

तशी एक पळवाट होती. सोपं होतं. सूत्रातला एक आकडा वाढवायचा, पहिल्या दिवसाचा गॅस जास्त करायचा, आणि लातूरच्या हवेसाठी जुळवून घेतलं म्हणायचं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण किती वाढवायचा? ऊद किती देतो आणि सूत्र किती वाचवतं, हे वेगळं केल्याशिवाय तो आकडा म्हणजे अंधारात मारलेला दगड, लातूरला लागला तर उदगीरला चुकेल. आणि अंदाजानेच गॅस सोडायचा तर अप्पा वीस वर्षं तेच करत होते, त्यासाठी तिची गरज नव्हती. "येऊ द्या त्यांना," ती म्हणाली. "काय चुकलं ते मीच सांगते. हिरवी केळीसुद्धा दाखवू दोन-चार, ठेवा काढून." अप्पा हसले, पहिल्यांदाच मोकळं. ऊद वेगळा काढायचा तर एकच वाट होती, अर्धापूरला एक खेप उदाशिवाय लावायची. आणि ती मागणी कुणाकडे करायची, हे आठवल्यावर मात्र तिचा माज थोडा खाली बसला. नांदेड ओलांडून ती थांबली नाही, थेट अर्धापूर गाठलं.

अण्णाराव चेंबरबाहेर माल उतरवून घेत होते. हिरव्या फण्यांची कॅरेटं पाण्यानं निथळत होती. तिनं नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवले. "अण्णाराव, आत ऊद कोण घालतं?"

त्यांचा हात कॅरेटवरच राहिला. "ते... म्हातारीचं हाय, मॅडम. माल भरला की आत धुपाटणं ठिवून दार लावती, गवरी विझंपर्यंत. पर तुम्ही यायच्या आदी उरकून घेतो आम्ही."

"आधी का?"

"तुमच्याम्होरं नको म्हणून. तुमच्यात ते चालत न्हाई ना. उगं तुमाला कसंतरी वाटायचं."

"मला वास येत होता."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"अन् बोलल्या न्हाईत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

अण्णारावांनी मांडीवर थाप मारली. "घ्या! तुम्ही पुढं, तुम्ही पुढं करता करता दोघांचीबी गाडी हुकली की वो." ते हसत सुटले, तीही हसली, आणि लातूरला काय झालं ते तिनं सगळं सांगितलं. हसणं ओसरेपर्यंत ऑफिसातून त्यांची आई, कस्तुराबाई, पदर सावरत बाहेर आल्या होत्या. अंगणात खुर्चीवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, तुमच्या उदाच्या धुरानं केळी पिकायला लागतात," धम्मप्रिया म्हणाली.

"लागत असतील. म्या त्याच्यासाठी घालत न्हाई. माल नजरंला येऊ नये, देवानं सांभाळावा, म्हणून घालते."

"हो. ते मला माहीत आहे."

इतकं बोलून ती निथळणाऱ्या कॅरेटांकडे बघू लागली. जे वर्षभर दोन्ही बाजूंनी वळसा घालून टाळलं ते आता सरळ समोर ठेवायचं होतं. एका बौद्ध घरातल्या बाईनं एका म्हाताऱ्या माळकरी बाईला म्हणायचं, तुमचं देवाचं करू नका. वडिलांनी कधी कुणाला हे म्हटलं नव्हतं. आपल्या उंबऱ्यात नको, एवढंच ते म्हणत. हा तर दुसऱ्याचा उंबरा होता. तिला वाटलं, कस्तुराबाई नको म्हणतील, आणि त्याहून वाईट म्हणजे हो म्हणतील आणि मनात ठेवतील, पुढच्या वेळी चहा येईल, हसणं येईल, फक्त काहीतरी कायमचं दाराआड सरकवलेलं असेल. तिला खरंच भीती वाटली. पण धूर आणि गॅस एकमेकांपासून सोडवायचे तर हाच एक धागा होता, आणि तो गुळमुळीत बोलून सुटणारा नव्हता.

"मावशी, मला एक खेप उदाशिवाय लागते," ती म्हणाली. "हा समोरचा माल. एकच. ऊद वाईट आहे म्हणून नाही. तो किती काम करतो ते मोजायचंय, आणि तो असताना ते मोजता येत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी मागणार नाही पुन्हा."

अण्णारावांनी घाईनं तोंड उघडलं. "अगं माय, एकच खेप..."

"तू गप," कस्तुराबाई म्हणाल्या. त्या धम्मप्रियाकडे बघत होत्या, निरखून, बाजारात वस्तू बघावी तसं नव्हे, पण त्याच नेटानं. "वरीसभर आडून आडून हिंडून राहिल्या. हे पयल्याच दिशी तोंडानं का न्हाई म्हणलं?"

"तुमचं मन मोडेल असं वाटलं."

"अन् आमाला वाटलं तुमचं. येडीच की आपण." त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवून उठायचा प्रयत्न केला, धम्मप्रियानं हात दिला, तो त्यांनी घेतला. "घालत न्हाई. पर एक सांगते. कच्चा माल असा अंधारात लोटायचा, मुक्यानं दार लावायचं, हे मला जमायचं न्हाई. संगट कुणाचे तरी दोन शब्द जावं लागतेत. आजवर म्या बोलत आले. आज मागणं तुमचं हाय, तर तुम्ही आत जा अन् तुम्ही बोला."

"मी? मला काय बोलता येणार? मला ते मंत्र वगैरे..."

"मंतर कुणी मागितला? तुमाला येतं ते बोला. चार दिस त्यांनी अंधारात काढायचे हायत, कुणीतरी धीर द्यावा की न्हाई?"

कॅरेटं आत लागली. थप्प्या भिंतीपासून हातभर सोडून रचल्या गेल्या. अण्णाराव दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे राहिले, त्यांच्या शेजारी त्यांची आई, आणि धम्मप्रिया आत गेली. गार हवा अंगाला लागली, आणि या वेळी तिच्यात कसलाही वास नव्हता, नुसता कच्च्या हिरव्याचा. बुद्धवंदना तिला पाठ होती, पण ती इथली नव्हती. सूत्रांच्या पहिल्या पिढीची तिला आठवण झाली, येडीबागडी, काही न कळणारी, एकाच कामाला जुंपलेली. त्यांना ती कधी काही बोलली नव्हती, बटण दाबून घरी गेली होती. बाहेर दोघं थांबली होती आणि ऐकत होती, लपवून नव्हे, उघड. तिला स्वतःच्या आवाजाची लाज वाटेल असं वाटलं होतं, पण तो निघाला तो परीक्षेच्या दिवशी वर्गात निघतो तसा, खणखणीत.

"घाबरायचं काही कारण नाही," ती केळ्यांना म्हणाली. "या खेपेला ऊद नाही, पण लागेल तेवढा गॅस मी मोजून सोडणार आहे. तुम्ही फक्त जसं होतंय तसं खरं सांगा."

"हाव, आसं," कस्तुराबाई दारातून म्हणाल्या. "आता या भाईर."